एकाहत्तरावे अक्षर

धागा कितीही लांब असो, तो शेवटी माणसांनीच वाढवलेला असतो. आणि माणसांनी वाढवलेली कुठलीही गोष्ट एम.एस्सी. झालेल्या माणसाला आवरता येते, यावर ओमेश्वर रहांगडालेचा पूर्ण विश्वास होता. नुसता विश्वास नव्हता. त्याच्याकडे तक्ता होता!

"नंदलालभाऊ, फक्त तीन दिवस द्या," कंप्युटरसमोर बाह्या सरसावत तो म्हणाला. "एकशे सत्तेचाळीस पानांचा धागा सात पानांत बसवून दाखवतो."

नंदलाल म्हणजे गोरेगावच्या बसस्टँडसमोरच्या सायबर कॅफेचा मालक. चार कंप्युटर, त्यातले अडीच चालू. "सर जी," तो म्हणाला, "हमारे यहाँ एक पन्ना खुलने में चाय ठंडी हो जाती है. एक सौ सैंतालीस चाय पियोगे?"

"पिऊ!"

गोष्ट दोन हजार नऊच्या जूनमधली. ओमेश्वर गोंदियाच्या एका कॉलेजात तासिकांवर रसायनशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात 'धानकट्टा' चालवायचा. धानकट्टा म्हणजे धान पिकवणाऱ्यांनी इंटरनेटवर बसून बोलायची जागा. तीनशे चाळीस सदस्य होते. कोणी गावात राहून धान लावणारे, कोणी पुण्यात राहून धानाची आठवण काढणारे. एकाने विषय काढला की त्याखाली बाकीचे प्रतिसाद लिहीत. तो झाला धागा. या सगळ्यावर नजर ठेवणारा नियंत्रक म्हणजे ओमेश्वर. पण हे कोणाला ठाऊक नव्हते. नियंत्रक हा हवेतल्या नायट्रोजनसारखा असावा, सगळीकडे असावा पण दिसू नये, असे त्याचे तत्त्व होते. म्हणून सगळीकडे नुसते 'नियंत्रक' एवढेच नाव.

धागा सुरू केला होता केशोरीच्या सुकरामने, दोन वर्षांपूर्वी. धानाच्या रोपांचा साधा प्रश्न होता : "पऱ्हे किती दिवसांचे झाल्यावर रोवावे?" पहिल्या आठ प्रतिसादांत आठ वेगवेगळे आकडे आले. नवव्यात भांडण झाले. चाळिसाव्यापर्यंत गाडी बैलांच्या खुरांवर गेली. तीनशेच्या सुमारास तलाव कोणाच्या पूर्वजांनी खोदले यावर कोहळी समाजाची आणि पोवार समाजाची मंडळी समोरासमोर आली. "तुमी माळव्यातून आले तवा आमचे तलाव भरून होते!" "भरून होते, पन त्यात धान कोनं लावला?" अशी दीडशे उत्तरे झाली. मग मोटरपंप, मग भाचीच्या लग्नातली भाजी, मग कोणाच्या तरी गुडघ्याचे ऑपरेशन. एकूण दोन हजार नऊशे चाळीस प्रतिसाद, आणि पऱ्ह्याचे वय अजून ठरायचेच होते!

ओमेश्वरने वनस्पतींचे वर्गीकरण करतात तसे प्रतिसादांचे केले. बियाणे, खत, पाणी, कीड, इतिहास, प्रकृती, आणि ज्याला काहीच लागू पडत नाही ते 'अवांतर'. प्रत्येक प्रतिसादापुढच्या चौकटीत टिचकी मारायची, योग्य विभागात हलवायचा, आणि का हलवला याची दोन शब्दांत नोंद करायची. शास्त्र म्हणजे शास्त्र!

काम सुरेख चालले होते. त्रास फक्त एका सदस्याचा होता. त्याचे नाव 'धानराजा'. या एका प्राण्याचे सहाशे बारा प्रतिसाद होते! विषय युरियाचा असला तरी हा सुरुवात करायचा स्वतःच्या लाडक्या बैलापासून, वाटेत तीन गावे, दोन मेहुणे आणि एक पूर घ्यायचा आणि युरियाच्या अलीकडे येऊन दमायचा. ओमेश्वरने त्याचे पाचशे नव्वद प्रतिसाद अवांतरात टाकले. पुढे नोंदी केल्या : 'पाल्हाळ.' 'निरर्थक.' 'विषयाशी संबंध नाही.' 'पुन्हा बैल.'

"असा माणूस घरात असेल तर त्या घरच्यांचे काय होत असेल हो, नंदलालभाऊ!" तो कळवळून म्हणाला.

त्याच्या स्वतःच्या नशिबात तसा धोका नव्हता. येत्या रविवारी त्याचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, मुर्रीच्या सेवकराम पटलेंच्या राजकुमारीशी. आणि सेवकरामजी म्हणजे मितभाषीपणाचा नमुना! मुलगी पाहायला गेले तेव्हा अडीच तासांत ते चार वाक्ये बोलले : "या." "बसा." "चहा घ्या." "बरं, या." बाकीचे सगळे त्यांच्या पत्नी शामकलाबाई बोलल्या. असा सासरा मिळायला पुण्य लागते, असे ओमेश्वरने घरी येऊन जाहीर केले.

अर्थात खरी गोष्ट सासऱ्याची नव्हती. चहा येताना ओमेश्वर सहज बोलून गेला होता की पाणी शंभर अंशाला उकळते. राजकुमारी ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "मुर्रीत नाही. आपण समुद्रापासून तीनशे मीटर वर आहो. इथं एक अंश आधीच उकळते." त्या एका अंशावर ओमेश्वर जागच्या जागी विरघळला. ही मुलगी हातची जाता कामा नये, एवढे त्याने तिथेच ठरवले.

तर शुक्रवारी सकाळी वर्गीकरण संपले. पण एक अडचण निघाली. धाग्याची इतकी ओढाताण झाली की धानकट्टा ज्या फुकटच्या सर्व्हरवर होता त्याने बसकण मारली. एक पान उघडायला चार मिनिटे! ओमेश्वर डगमगला नाही. त्याने दुसरा सर्व्हर शोधला, निवडलेले प्रतिसाद तिकडे नेले आणि जुने संकेतस्थळ रविवारी बंद करायचे ठरवले. रविवारच का? तर त्या दिवशी तो स्वतः साक्षगंधात असणार, कोणाच्या तक्रारी ऐकाव्या लागणार नाहीत. नियोजन म्हणजे नियोजन!

आता हे सदस्यांना कळवायचे कसे? धाग्यात लिहावे तर एकशे सत्तेचाळिसावे पान कोण उघडतो? तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर एसएमएस. एका फुकट सेवेतून तो पाठवता येत होता, पण देवनागरीत एका संदेशाला सत्तर अक्षरांची मर्यादा होती. आणि काना, मात्रा, अनुस्वार, टिंब, मोकळी जागा, प्रत्येक गोष्ट एक अक्षर! दुसरा कोणी वैतागला असता. ओमेश्वरला आनंद झाला. त्याने कागद घेतला.

'जुने संकेतस्थळ जड झाले. रविवारी बंद. नवे संकेतस्थळ हलके, देखणे. नियंत्रक'

मोजले. बहात्तर! 'नियंत्रक'मध्ये आठ, 'ओमेश्वर'मध्ये सात. पहिल्यांदाच तत्त्वाला मुरड घालून त्याने खाली स्वतःचे नाव टाकले. मोजले. एकाहत्तर! एक अक्षर जास्त.

"'संकेतस्थळ'मधला 'संकेत' काढतो," तो नंदलालला म्हणाला. "नुसते 'स्थळ' लिहिले तरी अर्थ तोच."

"एक ही में से काटो ना, सर जी. बैठ जाएगा."

"एकीकडे संकेतस्थळ आणि दुसरीकडे स्थळ? एकाच संदेशात दोन परिभाषा? अशास्त्रीय!"

दोन्हीकडचे 'संकेत' गेले. एकसष्ट अक्षरे झाली. आटोपशीर, स्वच्छ, निःसंदिग्ध. दहा वाजून पाच मिनिटांनी तीनशे चाळीस मोबाईल वाजले :

'जुने स्थळ जड झाले. रविवारी बंद. नवे स्थळ हलके, देखणे. ओमेश्वर'

सव्वादहाला सुकरामचा फोन आला. ओमेश्वर केशोरीत माती तपासायला गेला असताना त्यानेच सुकरामला सदस्य करून घेतले होते, आणि आता साक्षगंधाचे आमंत्रणही दिले होते.

"सर, मेसेज भेटला. खरं हाये का?"

"अगदी खरं! निर्णय झाला."

"बाप्पा! अन् नवीन स्थळ कोठचं हाये?"

"अमेरिकेतलं," ओमेश्वर म्हणाला. सर्व्हर तिकडचाच होता.

"अमेरिकेतलं! कसं जमवलं, सर?"

"काही नाही हो. अर्ज भरला, लगेच मिळालं. पहिलं वर्ष वापरून पाहायचं. आवडलं तर ठेवायचं, नाहीतर आणखी दुसरं!"

"अन्... जुन्याचं?"

"जुन्यातलं कामाचं होतं ते सगळं काढून घेतलं. आता आत काही राहिलं नाही."

"सर," सुकराम गहिवरून म्हणाला, "तुमी लय शिकले, मान्य हाये. पन असं बोलू नये मानसानं." आणि त्याने फोन ठेवला.

जुन्या गोष्टींवर लोकांचा जीव असतो, असे म्हणून ओमेश्वरने ते सोडून दिले. सुकरामने मात्र सोडले नाही. त्याने केशोरीतून लगेच धाग्यात लिहिले : "रहांगडाले सरानं मुर्रीची सोयरीक मोडली. अमेरिकेची पोरगी करून राहिले. एका वर्षाच्या बोलीवर!" बारा वाजेपर्यंत त्याखाली त्र्याहत्तर प्रतिसाद पडले. धिक्काराचे एकतीस. अमेरिकेत व्हिसा कसा मिळतो याचे एकोणीस. उरलेल्यांत लोकांनी आपापल्या भाच्या, पुतण्या आणि साळ्या सुचवल्या होत्या, उंची-शिक्षणासकट. धागा पुन्हा वाढीला लागला!

साडेबाराला ओमेश्वरचे वडील छोटेलालजी शेतातून तडक कॅफेत आले. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"बाबू, पटलीनबाईचा फोन आला होता. तू काय करून राहिला?"

"धागा आवरून राहिलो, बाबा."

"धागा? अरे सोयरीक तुटून राहिली! ते बाई इचारते, आमची पोरगी जड काऊन झाली तुमाले? अठ्ठेचाळीस किलोची पोरगी! धानाच्या पोत्याहून हलकी! तुले वजनकाटा घेऊन बसवलं होतं का थ्या दिवशी?"

ओमेश्वरने पाठवलेला संदेश काढला. वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा, मुर्रीच्या अंगणात बसून वाचल्यासारखा वाचला. मग त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

तरीही तो घाबरला नाही, हे सांगितले पाहिजे. गैरसमज म्हणजे फक्त पुराव्याची कमतरता, असे त्याचे मत होते. "बाबा, त्यांना इकडे बोलवा. पाच मिनिटांत सिद्ध करतो!"

"बोलवायची गरज नाई," छोटेलालजी दाराकडे पाहत म्हणाले. "आले."

दारात जीप थांबली होती. आधी शामकलाबाईंचा आवाज आत आला, मग त्या आल्या. मागून सेवकरामजी, नेहमीप्रमाणे गप्प. त्यांच्या मागे राजकुमारी. तिच्या चेहऱ्यावर राग होता की कुतूहल, हे ओमेश्वरला ठरवता आले नाही, आणि ठरवता न येणे त्याला सोसत नसे.

"दाखवा तुमची अमेरिकावाली!" शामकलाबाई कडाडल्या. "कोन हाये थे हलकी अन् देखनी? फोटो काढा!"

"काकू, ती मुलगी नाही. संकेतस्थळ आहे. वेबसाईट!"

"साईट म्हना न मग सरळ! स्थळ कायले म्हनता? आमच्याकडं स्थळाले पोरगी राहते!"

"अभी खुलेगा, मैडम," नंदलाल घाईघाईने म्हणाला आणि त्याने पाचांसाठी चहा सांगितला. जुनी साईट उघडायला लागली. वरची हिरवी पट्टी आली. चहा आला. पट्टीखाली धानाच्या लोंबीचे अर्धे चित्र आले. चहा निवला. शेवटी अक्षरे उमटली : 'धानकट्टा – शेतकऱ्यांचे संकेतस्थळ'. त्याखाली लाल अक्षरांत : 'हे स्थळ रविवारी बंद होईल.'

"आलं लक्षात?" ओमेश्वरने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिले. "हे जुने स्थळ. हे जड झाले!"

शामकलाबाईंनी पडद्याकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, आणि त्यांच्या कपाळावरची एक आठी गेली. "म्हंजे साक्षगंध हाये?"

"आहे!"

"मले एक सांगा," राजकुमारी पहिल्यांदाच बोलली. "'संकेत' कायले काढला?"

"सत्तर अक्षरांची मर्यादा होती. एकाहत्तर होत होती."

तिने टेबलावरचा कागद उचलला. ओठ हलवत मोजले. "एकच जास्त होतं न? मग शेवटचं टिंब काढून टाकलं असतं तं?"

ओमेश्वरने कागद परत घेतला. मोजले. सत्तर! एम.एस्सी.च्या दोन वर्षांत इतका सोपा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. नंदलाल पाठ फिरवून कीबोर्ड पुसू लागला. त्याचे खांदे हलत होते.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात एक भलतेच घडले. सेवकरामजी बोलले!

"हा तं माहा धानकट्टा हाये!"

सगळे वळले. सेवकरामजी खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले होते आणि त्यांचा चेहरा लोंबीसारखा पिवळाधमक उजळला होता. "रोज गोंदियाले जातो न मी, बँकेच्या बाजूच्या कॅफेत! दोन वरस झाले! म्हनून तं थो मेसेज माह्या मोबाईलवर आला!"

"तरी मी म्हनतो, हा मानूस रोज कोठी जाते!" शामकलाबाई म्हणाल्या.

"तुम्ही सदस्य आहात?" ओमेश्वर आनंदाने म्हणाला. "काय नावाने लिहिता?"

सेवकरामजींनी छाती पुढे काढली. "धानराजा."

ओमेश्वरने निवलेला चहा घाईने तोंडाला लावला, तर तो उकळत असल्यासारखा वाटला. मुर्रीच्याही खालच्या तापमानाला.

"घरी कोन बोलू देते मले?" सेवकरामजी सुटलेच होते. "तीस वरस झाले लग्नाले. तोंड उघडलं का ही सुरू! इथं लिवतो तं कोनी मधात बोलत नाई. परवा एक मोठा लिवला, आपल्या बैलावर. थांबा, दाखवतो." त्यांनी माऊस धरला. ओमेश्वरने तो हलकेच सोडवायचा प्रयत्न केला, पण धानाची पोती उचललेला हात होता तो! पाने उलटू लागली. "अरे... माहे कोठी गेले? सहाशे होते!"

"बाबा, इथं एक 'अवांतर' हाये," राजकुमारी म्हणाली. तिने काही वाईट हेतूने म्हटले नसावे.

अवांतर उघडले. पाचशे नव्वद प्रतिसाद, आणि प्रत्येकापुढे लाल नोंद. सेवकरामजी चष्मा सावरून एकेक वाचू लागले. "पाल्हाळ... निरर्थक... निरर्थक... पुन्हा बैल..." त्यांचा आवाज बारीक होत गेला. "हा नियंत्रक कोन हाये?"

नंदलालने सवयीने ओमेश्वरकडे पाहिले, आणि ते पुरे झाले.

"पाल्हाळ!" शामकलाबाई टाळी वाजवून ओरडल्या. "बराबर लिवलं, जवाईबापू! तीस वरसं झाले, मले हा शब्द सापडून नोता राहिला!"

पण सेवकरामजी उठले होते. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते पुन्हा गप्प झाले होते. त्यांनी टोपी उचलली. "बरं, या," ते म्हणाले, आणि दाराकडे निघाले.

सकाळपासून पहिल्यांदाच ओमेश्वरजवळ पुरावा नव्हता, तक्ताही नव्हता. आधीचा अपमान चुकून झालेला होता. हा तर त्याने शुद्धीवर राहून, वर्गवारीने, पाचशे नव्वद वेळा केला होता! त्याने राजकुमारीकडे पाहिले. ती दाराकडे चाललेल्या बापाकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आता ना राग होता ना कुतूहल. ओमेश्वर धावला.

"काका, थांबा! मी सगळे परत लावतो. एकेक करून, तारखेप्रमाणे!"

"कायले?" सेवकरामजी म्हणाले. "कोनी वाचत नसन तं कायले लावता?"

"मी वाचले आहेत! सगळे! तुमच्याशिवाय आणि माझ्याशिवाय ते पाचशे नव्वद दुसऱ्या कोणीही पूर्ण वाचलेले नाहीत! तुमच्या बैलाचे नाव लाखन. तो दोन हजार पाचच्या पुरात धाकट्या मेहुण्याला शेपटीला लटकवून बाहेर घेऊन आला. उजवं शिंग आत वळलेलं!"

सेवकरामजी उंबऱ्यावर थांबले. "डावं," ते म्हणाले.

"दोनशे चौदाव्यात तुम्ही उजवं लिहिलं आहे."

"चुकलं असन मग." टोपी डोक्यावर गेली नाही. हातातच राहिली.

"बाबाले नियंत्रक करा," राजकुमारी शांतपणे म्हणाली. "साक्षगंधाच्या आधी."

ओमेश्वरच्या डोळ्यांसमोर धानकट्ट्याचे भवितव्य उभे राहिले. सात विभागांतून सात बैल चरत होते. मग त्याने राजकुमारीकडे पाहिले. निर्णयाला तीन सेकंद लागले, आणि त्यातले दोन पासवर्ड आठवायला. त्याने तो कागदावर लिहून दोन्ही हातांनी सासऱ्याला दिला.

रविवारी साक्षगंध थाटात झाले. शामकलाबाईंनी प्रत्येक पाहुण्याला 'पाल्हाळ' शब्दाचा अर्थ सांगितला. केशोरीहून सुकराम आला, अमेरिकेची पोरगी कुठे दिसते का म्हणून दोनदा मांडव फिरला आणि निमूटपणे जेवायला बसला. जुने स्थळ बंद झाले, नवे सुरू झाले, आणि धागा पुन्हा एकसंध होऊन तिथे विराजमान झाला. तीन हजार दोनशे सहा प्रतिसाद! आता तो कोणाच्या बापाला आवरणार नाही, याची ओमेश्वरला खात्री होती.

सोमवारी सकाळी त्याने पान उघडले. सर्वांत खाली एकच नवी ओळ होती :

"पुरे आता. पऱ्हे वाढून राहिले. सगळे बांधीत उतरा. – नियंत्रक"

आणि धाग्याला कुलूप!

ओमेश्वर दिवसभर वाट पाहत राहिला. कोणी भांडले नाही. कोणी कुरकुरले नाही. गावातले सदस्य मुकाट्याने शेतात गेले होते, पुण्यातले आपापल्या कामाला लागले होते. तीन दिवसांचा तक्ता, सात विभाग, तीन हजार टिचक्या, आणि मुर्रीच्या त्या बैलवाल्याने काम केले एका ओळीत! संतापून त्याने नियंत्रकाला निवेदन लिहिले. धागा बंद करण्याचे निकष काय असावेत यावर साडेचार पाने, दोन कोष्टके आणि एक आलेख.

दहा मिनिटांत उत्तर आले.

"जवाईबापू, एवढं लंबं कोन वाचते? जेवायले या."

ओमेश्वरने निवेदन पुसले, सायकलला टांग मारली आणि मुर्रीचा रस्ता धरला.